रशियन पोराला मराठीत बोलतं करताना: ‘स.ए.र.’ची सबटायटल्स आणि इंदुरातला खेळ

सेर्गेई बोद्रोव (थोरले) यांचा ‘स.ए.र.’ हा मोसफिल्म या सोव्हिएत स्टुडिओचा १९८९ सालचा चित्रपट. तेरा वर्षांचा साशा अल्मा-अताच्या सुधारशाळेत आहे, आई नाही, आणि बाप पार उत्तरेला अर्खांगेल्स्कच्या तुरुंगात. पोरगा पळतो आणि बापाला शोधत निघतो. त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या महोत्सवात याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लांबी जेमतेम सव्वा तास, बोलणं कमी आणि वाट जास्त. म्हणून पहिल्यांदाच मराठी सबटायटल्स करायला बसणाऱ्या गटाला हा चित्रपट सोयीचा पडतो. चारपाचशे ओळींत काम आटोपेल असं धरून चाला.

खाली जे आहे ते इंदुरातल्या मराठी मंडळींसाठी: तीस-चाळीस खुर्च्यांचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, प्रेक्षकांत सत्तरीचे आजोबा आणि हिंदी-इंग्रजी माध्यमात शिकलेली त्यांची नातवंडं. बाकी सगळं उसनं मिळतं. सबटायटल्स मात्र स्वतःच करावी लागतात, म्हणून बरंचसं लिहिणं त्यांच्याबद्दलच आहे.

आधी परवानगी

मोसफिल्म आपल्या यूट्यूब वाहिनीवर बरेच जुने चित्रपट फुकट दाखवतं. ते घरी बघायला. हॉल घेऊन लोकांना बोलावलं की तो सार्वजनिक खेळ होतो, आणि त्याला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. पत्रात तारीख, हॉल, खुर्च्यांची संख्या, प्रवेश विनामूल्य आहे का, खेळ किती, हे सगळं लिहा. मराठी सबटायटल्स हाही अनुवादच आहे, म्हणून त्याची परवानगी त्याच पत्रात मागा आणि फाइल बाहेर वाटणार नाही असं कळवा. पत्र दोन महिने आधी जाऊ द्या.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही संस्था १९५९ पासून आहे. तिच्याशी जोडलेल्या सोसायटीमार्फत फक्त सभासदांसाठी खेळ ठेवणं हा रुळलेला रस्ता. त्यांचे नियम त्यांच्याकडूनच लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्वांचे स्वागत’ असं फिरवलंत की सभासदांपुरता खेळ सभासदांपुरता राहत नाही, हे मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्याला आधीच सांगून ठेवा.

इंग्रजीवरून मराठी करू नका

बहुतेक जण इंग्रजी सबटायटल्सची फाइल उतरवून घेतात आणि तिच्यावरून मराठी लिहितात. काम निम्म्या वेळात होतं आणि पोरगा हरवतो. रशियन आणि मराठी यांच्यात जे थेट जुळतं, नेमकं तेच मधल्या इंग्रजीत गळून पडतं.

पहिलं गळतं ते तू आणि तुम्ही. रशियनमध्ये ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. तुरुंगाच्या चित्रपटात कोण कोणाला तू म्हणतं यावरच सगळं उभं असतं: वॉर्डन पोराला, पोरगा वॉर्डनला, पोरगा वर्षानुवर्षं न पाहिलेल्या बापाला. हे पकडायला रशियन येण्याची गरज नाही, कान हवा. एकाच माणसाशी बोलताना क्रियापद ‘-ते’ने संपलं तर तुम्ही, ‘-श’ने संपलं तर तू. ‘स्लूशाय’ म्हणजे ऐक, ‘स्लूशायते’ म्हणजे ऐका. चित्रपट एकदा फक्त यासाठी ऐका आणि वहीत प्रत्येक जोडीपुढे तू किंवा तुम्ही लिहून ठेवा. एखादी जोडी मध्येच बदलली तर त्या जागी वेळ टिपा. तिथे नातं बदललेलं असतं आणि मराठीत ते एका शब्दात दाखवता येतं.

दुसरं लिंग. ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे इंग्रजीवरून कळत नाही, रशियन भूतकाळात कळतं. इथे मराठी कानाला एक चकवा आहे. ‘प्रिश्ला’ ऐकलं की आपल्याला ‘आला’सारखं पुल्लिंगी वाटतं, पण रशियनमध्ये ‘-ला’ हे स्त्रीलिंग. ‘प्रिश्ला’ म्हणजे ती आली, आणि ‘प्रिश्योल’ म्हणजे तो आला.

तिसरं माणसांना हाक मारणं. रशियन पोरगं अनोळखी बाप्याला ‘द्याद्या’ आणि बाईला ‘त्योत्या’ म्हणतं. म्हणजे काका आणि मावशी, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीत त्याचं ‘मिस्टर’ होतं, आणि मग मराठीत ‘महाशय’ येतो. पळून आलेला भुकेला पोरगा स्टेशनवर कोणाला ‘महाशय’ म्हणेल का? ‘काका’ लिहा. बापासाठीही तीन शब्द ऐकू येतात: ‘पापा’, ‘अत्येत्स’ आणि ‘बात्या’. पहिल्याला बाबा, दुसऱ्याला वडील, तिसऱ्याला बाप. हे वाटप एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका.

नावांचंही बघा. अलेक्सांद्र, साशा, साश्का, सान्या, शूरा ही सगळी एकाच माणसाची नावं असू शकतात. आपल्याकडे सदाशिवचा सदू आणि सद्या होतो तसंच, पण प्रेक्षकाला ते ठाऊक नसतं आणि तो पाच माणसं शोधत बसतो. सबटायटलमध्ये एक नाव कायम ठेवा. लाडाचा किंवा तुच्छतेचा सूर ‘बाळा’, ‘ए पोरा’, ‘कार्ट्या’ यांतून येऊ द्या.

एक निर्णय तर मराठीलाच घ्यावा लागतो. रशियन ‘मी’ (हा आपला एकवचनी मी नव्हे, अनेकवचन) एकच आहे. त्याचं ‘आम्ही’ करायचं की ‘आपण’, हे समोरचा त्या टोळीत आहे की नाही यावर ठरतं. पोरं एकमेकांत पळायचं ठरवतात तेव्हा ‘आपण’, पकडल्यावर साहेबापुढे ‘आम्ही’. फाइल तयार झाल्यावर या दोन शब्दांचा शोध लावून प्रत्येक जागा तपासा.

म्हणून कामाला तीन माणसं लागतात. एकाला थोडी तरी रशियन यावी, दुसऱ्याचं बोलतं मराठी चांगलं असावं, तिसऱ्याने वेळ लावावी. रशियन ओळ, इंग्रजी ओळ आणि मराठी ओळ असे तीन रकाने करा. एका बैठकीत दहा मिनिटांचा भाग पुष्कळ झाला. त्यापुढे थकवा येतो आणि सगळी पात्रं एकाच आवाजात बोलू लागतात.

तुरुंगाचे शब्द

यंत्राकडून रशियनचं मराठी करून घेतलंत तर कच्चा खर्डा मिळतो, पण तुरुंगाच्या बोलीत यंत्र हमखास फसतं, कारण साध्याच शब्दांना तिथे वेगळा अर्थ असतो. ‘सिझू’ म्हणजे शब्दशः बसलोय, आणि तुरुंगाच्या बोलीत कैदेत आहे. ‘स्रोक’ म्हणजे मुदत, इथे सजा. ‘स्विदानिये’ म्हणजे प्रेमिकांची भेट, इथे कैद्याची मुलाकात. ‘पेरेदाचा’ म्हणजे रेडिओचा कार्यक्रम, इथे घरून कैद्याला आलेलं सामान.

समजा बाप पत्रात लिहितो की सिझू, स्रोक मोठा आहे, स्विदानियेला येऊ नकोस. (हे उदाहरण आमचं, चित्रपटातलं नाही.) यंत्र देईल: ‘मी बसलो आहे. अंतिम मुदत अजून मोठी आहे. डेटवर येऊ नकोस.’ हॉल हसेल आणि चित्रपट तिथेच संपेल. मराठीत हवं ते असं: ‘अजून आतच आहे. सजा बरीच बाकी. भेटायला येऊ नकोस.’ आपल्याकडे ‘आत आहे’, ‘आत गेलाय’, ‘बाहेर आला’ एवढ्यानेच सगळं कळतं. रशियनमध्ये ‘ना वोल्ये’ म्हणतात त्यालाही आपला ‘बाहेर’ पुरतो.

आता इंदूरचं म्हणून वेगळं बघायचं.

‘शिक्षा’ हा शब्द टाळा. मराठीत तो दंड आहे, हिंदीत शिक्षण. हिंदी शाळेत शिकलेली मुलगी ‘त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली’ हे वाचून क्षणभर अडखळते, आणि चित्रपटातली जागाच मुळात शाळा-तुरुंग असल्याने गोंधळ पक्का होतो. ‘सजा’ लिहा, दोन्हीकडे चालतो. ‘चेष्टा’ आणि ‘राग’ यांचंही असंच. आपला राग हिंदीत गाण्याचा राग होतो. वाक्य आखूड असेल तर ‘चिडला’, ‘संतापला’ लिहा.

‘कलोनिया’ म्हणजे कैद्यांची वसाहत, त्याचं कॉलनी करू नका. इंदुरात कॉलनी म्हणजे राहायची वस्ती. ‘झोना’ म्हणजे तुरुंगाचं आवार, त्याचं झोन केलंत तर नगर निगमचं झोन ऑफिस आठवतं. नुसतं ‘छावणी’ लिहिलंत तर छावनी मोहल्ला. मोठ्यांच्या जागेला ‘जेल’ किंवा ‘तुरुंग’ म्हणा. इंदूरकर बोलताना जेलच म्हणतात, तेव्हा पात्रांच्या तोंडी जेल आणि पाटी वा कागदपत्रावर तुरुंग असं वाटून घ्या. मुलांच्या जागेला रशियनमध्ये ‘स्पेत्सश्कोला’ म्हणतात. शब्दशः विशेष शाळा. पण मराठीत विशेष शाळा म्हटलं की दिव्यांग मुलांची शाळा डोळ्यापुढे येते, म्हणून ‘सुधारशाळा’ बरा.

‘स्तुकाच’ म्हणजे ठकठक करणारा, साहेबाच्या दारावर जाऊन सांगणारा. मोठ्या कैद्यांत ‘खबऱ्या’, पोरांत ‘चुगलखोर’. ‘बालांदा’ म्हणजे तुरुंगातलं पातळ सूप. त्याला आमटी म्हणू नका, हिंग-फोडणीचा वास येतो. ‘पाणचट सूप’ पुरे. आणि ‘ग्राझदानिन नाचाल्निक’, म्हणजे नागरिक अधिकारी. कैद्याला ‘तवारिश्च’ म्हणजे कॉम्रेड हा शब्द वापरायची मुभा नसे, म्हणून ‘नागरिक’. सबटायटलमध्ये याला ‘साहेब’च योग्य. हिरावून घेतलेल्या शब्दाची गोष्ट खेळाआधीच्या चार मिनिटांत सांगा, ओळीत कोंबू नका.

शिव्या एक पायरी खाली आणून लिहा. ऐकलेल्या शिवीपेक्षा छापलेली शिवी जास्त लागते, आणि शेजारी आजी बसलेल्या असतात. ‘साल्या’, ‘हरामखोर’, ‘कुत्र्या’ एवढ्यात काम होतं. फुल्या मारू नका, सगळा हॉल कोडं सोडवत बसतो. आणि कितीही मोह झाला तरी ‘भिया’ (इंदुरी ‘भाऊ’) लिहू नका. अर्खांगेल्स्कच्या थंडीत एक ‘भिया’ आला की सगळे छप्पन दुकानला पोहोचतात.

तीन अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा ही. ‘स.ए.र.’ ही पोराच्या हातावर गोंदलेली तीन अक्षरं आहेत. रशियन तुरुंगात अशी आद्याक्षरं गोंदण्याची जुनी रीत: वरवर एक साधा शब्द दिसतो, आत एक वाक्य दडलेलं असतं. इथे वाक्य आहे ‘स्वबोदा, एता राय’, म्हणजे स्वातंत्र्य हाच स्वर्ग. आणि ‘सेर’ असं सलग वाचलं की रशियन कानाला इंग्रजी साहेबांचा ‘सर’ ऐकू येतो.

लिप्यंतर ‘सेर’ असं सलग करू नका. मराठी वाचकाला मापट्याचा शेर आठवतो. मध्ये टिंबं द्या: स.ए.र.

आता अर्थ. आद्याक्षरं जुळवायची म्हणून ‘सुटका, एकच रस्ता’ सुचतं. स, ए, र, तिन्ही बसतात. पण हे घेऊ नका. ‘राय’ म्हणजे स्वर्ग, आणि पोराच्या लेखी भिंतीबाहेर नुसती वाट नसून स्वर्ग आहे, यावरच चित्रपट उभा आहे. रस्ता लिहिलं की तो फक्त पळणारा पोरगा उरतो. अक्षरं गेली तरी चालतील, स्वर्ग राहायला हवा.

‘स्वबोदा’साठी स्वातंत्र्य की सुटका? स्वातंत्र्य म्हटलं की पंधरा ऑगस्ट, झेंडा, भाषण. तेरा वर्षांचं पोर हा शब्द हातावर गोंदून घेणार नाही. ‘मोकळीक’ फार सौम्य, घरच्यांनी दिलेली. ‘सुटका’ त्याच्या तोंडात बसतो. म्हणून ‘सुटका हाच स्वर्ग’. स-ह-स असा नाद आहे, गोंदवायला पुरेसा आखूड आहे. पहिल्यांदा अक्षरं दिसतात तिथे दोन ओळी द्या: वर ‘स.ए.र.’, खाली ‘सुटका हाच स्वर्ग’. पुढे नुसतं ‘स.ए.र.’ आलं तरी प्रेक्षक ओळखतो. अर्थ चित्रपट स्वतः उशिरा उघड करत असेल तर तुम्ही आधी फोडू नका. संपूर्ण चित्रपट एकदा पाहून मगच ही ओळ कुठे पडायची ते ठरवा.

हीच मेहनत दुसऱ्या चित्रपटाच्या नावात कशी फळते ते बघा. व्हिताली कानेव्हस्की यांचा १९८९ चाच कृष्णधवल चित्रपट, ज्याला १९९० मध्ये कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला, त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘थिज, मर, जिवंत हो’. हा रशियन मुलांचा खेळ आहे. असाच खेळ आपल्या अंगणात आहे: विष-अमृत! राज्य असलेल्याने शिवलं की विष, पुतळा. गड्याने येऊन शिवलं की अमृत, पुन्हा पळायला मोकळा. त्या चित्रपटातल्या, सुचानच्या खाणवस्तीतल्या दोन पोरांसाठी याहून नेमकं मराठी नाव मिळणं कठीण.

ओळ किती लांब, किती वेळ

एका वेळी दोन ओळी, एका ओळीत वीस-बावीस अक्षरं. इथे अक्षर म्हणजे आपण मोजतो ते, यंत्र मोजतं ते नव्हे. ‘स्वातंत्र्य’ डोळ्याला तीन अक्षरांचं: स्वा, तं, त्र्य. सॉफ्टवेअर मात्र काना, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे धरून अकरा मोजतं. ‘सुटका’ही तीन अक्षरांचाच, यंत्राच्या हिशेबी पाच. त्यामुळे सबटायटल एडिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ लाल झाली म्हणून घाबरून छाटू नका. आधी ती मोठ्याने वाचून बघा.

वेळेचा हिशेब सेकंदाला दोन शब्द असा धरा. मराठी शाळेत शिकलेला वाचक याहून भरभर वाचतो, पण इंदुरातली तरुण मुलं मराठी ऐकतात जास्त आणि वाचतात कमी, त्यांच्यासाठी हा वेग. कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. दोन ओळींच्या मध्ये दोन चौकटींची (फ्रेमची), म्हणजे ऐंशी मिलिसेकंदांच्या आसपासची फट ठेवा. ती नसली तर ओळ बदललेली डोळ्याला कळत नाही. दृश्य तुटतं तिथेच ओळही तोडा. कट ओलांडून ओळ राहिली की माणूस तीच पुन्हा वाचतो.

ओळ कुठे मोडायची? अर्थाच्या सांध्यावर. ‘बापाला भेटायला / आलोय’ असं नको, ‘बापाला / भेटायला आलोय’ असं हवं. आणि जे दिसतंय ते लिहू नका. पोरगा मान हलवून ‘न्येत’ म्हणतो, तिथे ‘नाही’ची गरज नसते. शांतता तशीच सोडा. भिंतीवरच्या पाट्या, पत्रं आणि गोंदण यांचा अनुवाद मात्र द्या, शक्य असेल तर पडद्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे खालच्या बोलण्याशी गल्लत होत नाही.

फाइलचे रुसवे

एसआरटी ही सबटायटल्सची फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. क्रमांक, वेळेची ओळ, मजकूर, मग एक रिकामी ओळ. वेळेत तास-मिनिट-सेकंदांमध्ये कोलन आणि सेकंदानंतर स्वल्पविराम. मराठी कीबोर्ड चालू ठेवून वेळ दुरुस्त केली की आकडे देवनागरीत पडतात आणि प्लेयर ती ओळ गिळून टाकतो. ओळी मधूनमधून गायब होत असतील तर पहिल्यांदा हेच तपासा. मजकुरातले आकडे देवनागरीत चालतात.

सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली नाही. पुन्हा जतन करून ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवा. चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही: व्हीएलसी या प्लेयरच्या सेटिंगमध्ये निर्मला यूआय, मंगल किंवा नोटो सॅन्स देवनागरी निवडा. वेलांटी भलत्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी दिसली तर प्लेयर जुना आहे. चाचणीसाठी ‘किल्ल्या’, ‘क्षणार्धात’, ‘वऱ्हाडी’ हे तीन शब्द पहिल्या ओळीत टाकून बघा. तिन्ही नीट दिसले की बाकी सगळं दिसतं. ही चाचणी खेळाच्या दिवशी वापरायच्या त्याच लॅपटॉपवर करा. दुसऱ्याचा लॅपटॉप ऐनवेळी येणार असेल तर सबटायटल्स चित्रावर कायमची छापून एकच फाइल तयार ठेवा.

ओळी मागेपुढे होणं दोन प्रकारचं असतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर व्हीएलसीत जी आणि एच या कळा दाबून सरकवा, दर वेळी पन्नास मिलिसेकंद. पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटी तीन मिनिटांचा फरक असेल तर सरकवून काही होणार नाही. एक प्रत सेकंदाला चोवीस चौकटींची आहे आणि दुसरी पंचवीसची, जशी युरोपी टीव्ही-डीव्हीडीला करतात. पंचाहत्तर मिनिटांचा चित्रपट त्यात बहात्तर मिनिटांत संपतो. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे. चोवीसवरून पंचवीस केलं की सगळ्या ओळी त्या प्रमाणात आवळल्या जातात.

हॉल

प्रोजेक्टर तीन हजार ल्युमेनचा पुरतो, हॉल अंधारा असेल तर. मे-जूनमध्ये इंदुरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेसातच्या आधी सुरू करू नका. डिसेंबरात सव्वासहाला चालतं. रंगपंचमीच्या दिवशी गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, ती तारीख टाळाच.

सपाट जमिनीच्या हॉलमध्ये सबटायटल्सचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पुढच्याचं डोकं. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर येतं, म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर हवी. आठ फूट रुंदीचं चित्र साधारण साडेचार फूट उंच होतं, म्हणजे छत दहा फुटांच्या आसपास असेल तरच जमेल. छत खाली असेल तर पुढच्या दोन रांगा काढून सतरंजी टाका आणि मुलांना तिथे बसवा, मागच्या खुर्च्या एकाआड एक सरकवा. साध्या प्रोजेक्टरला आठ फूट चित्रासाठी बारा फूट अंतर लागतं. त्या काळच्या चित्रपटाची चौकट बऱ्याचदा चौकोनाकडे झुकणारी असते, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहील. ती भरायला चित्र ताणू नका, पोराचा चेहरा रुंद होतो.

आवाज एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरला जातो आणि बाहेरचा स्पीकर मुका राहतो. लॅपटॉपच्या आवाजाच्या खुणेवर जाऊन आउटपुट बदला. आवाजाची पिन आणि दहा मीटरची जास्तीची एचडीएमआय वायर जेल रोडच्या बाजारातून आदल्या दिवशीच आणून ठेवा. शेवटच्या रांगेत चष्मा लावणाऱ्या एखाद्या आजोबांना बसवून एक ओळ वाचून घ्या. त्यांना वाचता येईपर्यंत अक्षर मोठं करा. पिवळट पांढरा रंग आणि काळी कड सगळ्यात सुवाच्य.

खेळाआधी आणि नंतर

सुरुवातीला चार मिनिटं बोला, जास्त नाही. अल्मा-अता म्हणजे आजच्या कझाकस्तानमधलं अल्माटी, तेव्हा सोव्हिएत संघातलं. अर्खांगेल्स्क उत्तरेला श्वेत समुद्राजवळ. मधलं अंतर सरळ रेषेत तीन हजार किलोमीटरहून जास्त, म्हणजे इंदूर ते कन्याकुमारीच्या जवळपास दुप्पट. हे वाक्य ऐकलं की पोराच्या प्रवासाचं वजन सगळ्यांना कळतं. ‘नागरिक’ आणि ‘कॉम्रेड’ची गोष्ट सांगा. गोंदणाचा अर्थ सांगू नका. मध्यंतर घेऊ नका, चहा नंतर.

चर्चेत ‘बालगुन्हेगार’ हा शब्द येणारच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याची मराठी संज्ञा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ अशी आहे. बोलायला जड आहे, ‘कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल’ म्हणा. या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाला बोलावलंत तर एक गोष्ट आधी ठरवून घ्या: कुठल्याही मुलाचं नाव, फोटो, शाळा, काहीही ओळख सांगायची नाही. कायद्यानेच ती मनाई आहे. संस्थेतली मुलं खेळाला येणार असतील तर ते जाहीर करू नका आणि त्या दिवशी हॉलमध्ये फोटो काढू नका.

एका माणसाला मागे वही घेऊन बसवा. लोक कुठे भलत्या ठिकाणी हसले, कुठे शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ असं विचारलं, कुठे ओळ वाचून व्हायच्या आत गेली, एवढंच वेळेसकट टिपायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, डोक्यात ताजं असताना, त्या ओळी दुरुस्त करा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. पहिल्या खेळानंतर वीस-तीस ओळी बदलाव्या लागल्या तर नवल वाटून घेऊ नका, त्या बहुतेक तू-तुम्हीच्याच असतात.